सगळी थंडी एका मनालीवर टाकू नकोस

पत्र:
ताई, मी 26 वर्षांची, मूळची जळगावची. हिंजवडीत आयटीत जॉब करते, वाकडला राहते, फ्लॅटमेट अलिबागची आहे. दर हिवाळ्यात ठरवते की यंदा ट्रेक करायचे, फिरायचं, फोटो काढायचे (ईएमआयवर कॅमेरा घेतलाय, किट लेन्सवाला म्हणजे सोबत येते तीच साधी लेन्स, कपाटात पडून आहे) पण होत काहीच नाही. क्लायंट अमेरिकेचा, त्यांच्या ईस्ट कोस्टचा. संध्याकाळी साडेसातला कॉल सुरू होतो, कधी कधी दहा वाजतात, मग जेवण, मग रजईत रील्स, मग सकाळी नऊला जाग. कॉलेजच्या ग्रुपवर गोव्याचा प्लॅन दर वर्षी होतो आणि दर वर्षी कॅन्सल होतो. आता एका टूरवाल्याची 28 डिसेंबर ते 2 जानेवारी मनालीची ग्रुप टूर आहे, पैसे भरू का? नऊ सुट्ट्या उरल्यात, पाच पुढच्या वर्षात जातील, चार 31 डिसेंबरला बुडतील. आई म्हणते संक्रांतीला घरी ये. एकटीने कुठे जायची भीती वाटते. मार्च आला की वाटतं, अजून एक थंडी गेली.
– रजईतली, वाकड

उत्तर:
अगं रजईतली,

आधी सरळ उत्तर देते, कारण टूरवाला रोज मेसेज करत असणार. पैसे भरू नकोस. मनाली वाईट आहे म्हणून नाही, मनाली सुंदरच आहे, पण तू निवडलेले सहा दिवस हे तिथले सगळ्यात वाईट सहा दिवस आहेत. थर्टीफर्स्टच्या आठवड्यात अर्धी दिल्ली आणि सगळा पंजाब गाड्या घेऊन वर चढलेला असतो, सोलांगच्या रस्त्यावर आणि अटल टनेलच्या अलीकडे तासन्‌तास गाड्या उभ्या, आणि एवढं करून मनाली गावात डिसेंबरअखेर बर्फ मिळेलच याची काही खात्री नसते. पुण्याहून चंदीगड किंवा दिल्ली गाठायची, तिथून रात्रभराची बस, आणि दिल्लीच्या धुक्यात त्या दिवसांत फ्लाइट लेट होणं हे अगदी नेहमीचं आहे, म्हणजे सहातले दोन दिवस तर प्रवासातच गेले. बर्फच बघायचा असेल तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य धर, तेव्हा बर्फ जास्त, गर्दी कमी आणि हॉटेलवालेही जरा बोलायच्या मूडमध्ये असतात. पण माझं म्हणणं असं आहे की यंदा तेही राहू दे. तुला बर्फाची ओढ आहे असं तुझ्या पत्रात कुठेच दिसत नाही, तुला थंडी हातातून निसटल्याचं दुःख आहे, आणि ते सहा दिवसांच्या टूरने भरून निघत नाही कारण उरलेली थंडी तू वाकडलाच काढणार आहेस.

आपल्याकडे थंडी असते तरी किती गं, नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत धरली तर जेमतेम अडीच महिने, त्यात मध्येच ढग येऊन आठ-दहा दिवस गायब होते. एवढ्याशा ऋतूसाठी मोठा प्लॅन करून वाट बघत बसलं की तो संपतोच. तेव्हा आपण तुझ्या रोजच्या दिवसापासून सुरू करू आणि मग ट्रिपकडे येऊ.

तू स्वतःला आळशी समजतेयस असं पत्रावरून वाटलं, तर एक गोष्ट नीट बघ. अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत पुढे करतात. तुझ्या क्लायंटचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेसहा, आणि तेच नऊ हिवाळ्यात आपले साडेसात. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च, बरोब्बर थंडी धरून, तुझी संध्याकाळ एक तासाने कापली जाते, आणि तेही अशा दिवसांत जेव्हा इथे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. यात तुझा काही दोष नाही. मॅनेजरशी एकदा स्पष्ट बोल की आठवड्यातले दोन दिवस हा कॉल त्यांच्या आठला घेता येईल का, पाचही दिवस मागितले तर नाही म्हणतील, दोनला बहुतेक ठिकाणी हो म्हणतात, कारण तिकडेही लवकर सुरू करून लवकर सुटणारी माणसं असतातच. पण हो म्हणाले तरी संध्याकाळ क्लायंटचीच राहणार हे धरून चाल. म्हणून आपल्याला सकाळ पकडायचीय.

आता "सकाळी उठ" म्हटलं की तुझ्या पोटात गोळा येईल, पण थंडीची एक गंमत आहे जी फार लोकांच्या लक्षात येत नाही. दिवस सगळ्यात लहान असतो 21-22 डिसेंबरला, पण आपल्या भागात सूर्य सगळ्यात उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्याला, सातच्याही नंतर. म्हणजे जून महिन्यात सूर्योदय बघायला सहाच्या आत बाहेर पडावं लागतं आणि थंडीत तू साडेसहाला उठलीस तरी सूर्य अजून यायचाय. रात्री साडेअकराला फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलास की सात तास झोप होते, आणि नऊला पहिली ऑफिसची गोष्ट असेल तर मधले अडीच तास पूर्ण तुझे. रोज नको. आठवड्यातले कुठलेही दोन दिवस आणि रविवार, बस.

या सकाळी करायचं काय, तर जिमची वर्षाची मेंबरशिप अजिबात घेऊ नकोस, जानेवारीत सगळेच घेतात. बाणेर-पाषाणची टेकडी तुझ्यापासून लांब नाही, तिथे जा. आणि एक सांगते, हायवेच्या कडेने किंवा सर्व्हिस रोडवर धावायला जाऊ नकोस. थंडीत पहाटे गार हवा खाली साचून राहते, वर जात नाही, त्यामुळे गाड्यांचा आणि कचरा जाळल्याचा धूर त्याच थरात अडकतो. बाल्कनीतून जे छान धुकं दिसतं ना, ते सगळं धुकं नसतं. ऊन चढलं की हवा मोकळी होते. म्हणून थोडं उशिरा आणि थोडं उंचावर, हे दोन्ही पाळ. स्कूटीवर जाताना विंडचीटर आणि हातमोजे घाल, स्वेटरमधून वारा आरपार जातो, आणि पारा दहाच्या खाली असला की बोटं ब्रेक दाबण्याइतकी सुद्धा वळत नाहीत.

टेकडीवर नुसतं चालून तुला आठवड्यात कंटाळा येईल हेही मला माहितीये. म्हणून पक्षी बघायला लाग. हे मी उगाच सांगत नाहीये, तुला फोटोग्राफीची हौस आहे आणि थंडी हा आपल्याकडे पाहुण्या पक्ष्यांचा मोसम आहे, हिमालयापलीकडून येतात बिचारे आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात, म्हणजे तुझ्यासारखंच त्यांचंही थंडीचंच वेळापत्रक. पाषाण तलावावर जा, लोणी काळभोरजवळ कवडीपाटला जा, तिथलं पाणी घाण आहे आणि वास येतो हे आधीच सांगून ठेवते, पण चक्रवाकाची केशरी जोडी त्या पाण्यावर उतरताना बघितलीस की वास विसरशील. थापट्या नावाचं बदक आहे, चमच्यासारखी चपटी चोच, ते ओळखायला सगळ्यात सोपं, तिथून सुरुवात कर. धोबी पक्षी तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पण शेपटी हलवत फिरत असतो थंडीभर. मर्लिन नावाचं फुकट ॲप आहे, आवाजावरून पक्षी ओळखून देतं, अगदी शंभर टक्के बरोबर नसतं पण नवशिक्याला खूप आधार होतो.

कॅमेऱ्याचं मात्र ऐक. किट लेन्सने पक्ष्यांचे फोटो येत नाहीत, पक्षी ठिपक्याएवढा दिसतो आणि मग माणूस वैतागून दुसऱ्या ईएमआयवर मोठी टेलिलेन्स घेतो. आत्ता घेऊ नकोस. त्याऐवजी साधी दुर्बीण घे, 8 बाय 42 ची, म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढची काच 42 मिलिमीटरची, सकाळच्या कमी उजेडातही स्वच्छ दिसतं. दहापट, बारापटच्या मोहात पडू नकोस, हात हलला की चित्र नाचतं. आणि किट लेन्स ज्यासाठी चांगली आहे त्यासाठी ती वापर, माणसं, गड, शेतं, आणि थंडीतलं रात्रीचं आकाश. हो, आकाश! जानेवारीत तुझा कॉल संपून नऊ-दहा वाजतात तेव्हा मृग नक्षत्र छान वर आलेलं असतं, शेजारी रोहिणी, तिच्या पलीकडे कृत्तिकांचा पुंजका. लेन्स 18 मिलिमीटरवर, छिद्र म्हणजे ॲपर्चर जास्तीत जास्त उघडं, आयएसओ 3200, शटर 15 ते 20 सेकंद, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा नुसता दगडावर उशी देऊन. 20 सेकंदांच्या वर गेलीस की तारे ठिपके न राहता रेघा होतात. वाकडच्या गच्चीवरून हे जमणार नाही, तिथे रात्र होतच नाही नीट, पण गडावर जमेल, त्याकडे येतेच.

आता सुट्ट्या. बुडणाऱ्या चार सुट्ट्यांचा विचार करताना हे बघ की डिसेंबरचा दुसरा पंधरवडा तुझ्याकडे कसा असतो. ख्रिसमसच्या आठवड्यात अमेरिकन क्लायंट निम्म्याहून जास्त गायब असतात, बऱ्याच प्रोजेक्टना प्रॉडक्शन फ्रीझ असतो, म्हणजे चालू सिस्टिममध्ये बदल करायचे नसतात, कॉल आपोआप कॅन्सल होतात. म्हणजे ज्या आठवड्यात तू सुट्टी टाकून मनालीच्या ट्रॅफिकमध्ये बसणार होतीस त्या आठवड्यात तुला पुण्यात सुट्टी न टाकताच संध्याकाळ मोकळी मिळतेय. ती आठवडाभराची संध्याकाळ राखून ठेव. आणि चार सुट्ट्या त्याच्या आधी वापर.

त्यातल्या दोन मी सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला दे म्हणेन. तू म्हणशील मला शास्त्रीय कळत नाही. कळायला कशाला हवं, जाऊन बस. पंडित भीमसेन जोशींनी गुरूंच्या म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 साली सुरू केलेला हा महोत्सव, आता गुरुशिष्य दोघांच्याही नावाने होतो, दर डिसेंबरात, हल्ली मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर. पूर्वी रात्ररात्र चालायचा, आता दहाच्या लाउडस्पीकरच्या नियमामुळे दुपारीच सुरू होतो, म्हणूनच नोकरी करणाऱ्याला सुट्टी टाकावी लागते. गुरुवार-शुक्रवार टाक. भारतीय बैठकीचं तिकीट घे, एक दिवसाचंही मिळतं, सोबत शाल, पाण्याची बाटली आणि बसायला जाडसर काहीतरी, संध्याकाळी जमिनीतून गारवा वर येतो. आणि तुला एकटीने जायची भीती वाटते ना, तर एकटीने जायची सवय लावायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. निम्मी माणसं एकेकटी येतात, शेजारच्या काकू न विचारता डबा पुढे करतात, राग कुठला हेही सांगतात. पिंपरीहून स्वारगेटपर्यंत मेट्रो आहे, तिथून रिक्षाने जवळ, फक्त परतीची शेवटची मेट्रो किती वाजताची ते आधी बघून ठेव. डिसेंबरातच फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव पण असतो गेली काही वर्षं, तिथे एखादी मोकळी संध्याकाळ सहज जाईल.

उरलेल्या दोन सोमवार-मंगळवारला लाव आणि हरिश्चंद्रगडावर जा. पण शनिवारी नको. शनिवारी रात्री कोकणकड्यावर तंबूंची कॉलनी असते, स्पीकर असतात, तो गडच राहत नाही. रविवारी सकाळी निघ, दुपारी पाचनईतून चढायला लाग, हीच वाट सगळ्यात सोपी, अडीच-तीन तास धर, नळीच्या वाटेचे व्हिडिओ बघून नादाला लागू नकोस, ती सरावलेल्यांची आहे. तू वर पोचेपर्यंत वीकेंडची गर्दी उतरत असते. पाचनईचे गावकरी वर जेवण आणि तंबू देतात, पिठलं-भाकरी, तेही आधी फोन करून ठरवून ठेवायचं. केदारेश्वराच्या गुहेत पाण्यातलं ते मोठं शिवलिंग आणि चार खांबांपैकी उरलेला एक खांब बघ, पाण्यात पाय घाल, एका मिनिटात सुन्न होतात. सूर्यास्ताला कड्यावर काठापासून लांब बस, झोपून बघायचं असेल तर कोणीतरी पाय धरलेले असू देत, वारा खालून वर येतो तिथे. रात्र झाली की कॅमेरा काढ. अमावास्येच्या आसपासची तारीख निवडलीस तर आकाशाचं सोनं होईल. पहिलाच मोठा ट्रेक आहे म्हणून एकटी जाऊ नकोस, चांगला अनुभवी ट्रेकिंग ग्रुप बघ, आणि पैसे भरायच्या आधी लीडरला दोन प्रश्न विचार, एका लीडरमागे किती माणसं आणि प्रथमोपचाराचं काय, जो या प्रश्नांवर चिडतो त्याच्याबरोबर जायचं नाही.

गोव्याच्या ग्रुपबद्दल माझं मत थोडं कडक आहे. दहा-बारा जणांना "कधी जमेल?" विचारलं की कधीच जमत नाही, हे त्या ग्रुपचं नाही, सगळ्याच ग्रुपचं आहे. तू विचारणं बंद कर आणि सांगायला लाग. "18 तारखेला भिगवणला जातेय, गाडीत तीन जागा आहेत" एवढाच मेसेज टाक. ज्यांना यायचंय ते येतील, न आलेल्यांवर रागवायचं नाही, आणि दोघीच उरलात तरी निघायचं.

भिगवण मुद्दाम म्हणतेय. पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटर, सोलापूर रोडने, उजनीचं बॅकवॉटर. रोहित पक्षी म्हणजे फ्लेमिंगो बघायला लोक डिसेंबरातच धावतात आणि नाराज होऊन येतात. कारण हे पक्षी उथळ पाण्यात उभं राहून, चोच उलटी बुडवून चिखलातलं खाणं गाळून खातात. पाऊस भरपूर झालेला असला की धरण तुडुंब असतं, दलदल उघडी पडलेली नसते, मग ते उशिरा येतात. म्हणून जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी धर, आणि आदल्या आठवड्यात कुंभारगावच्या नाववाल्याला फोन करून विचार, पाणी कुठवर आलंय, पक्षी आलेत का. ते लोक खरं सांगतात. पहाटे साडेचारला पुणं सोड, उजाडताना नावेत बसायचं, पट्टकदंब हंसांचे थवे त्याच वेळी आवाज करत उठतात. आणि एक विनंती मनापासून करते, नाववाल्याला पक्षी उडवायला सांगू नकोस, दुसऱ्या कोणी सांगितलं तर त्यालाही अडव. उडते फोटो छान येतात, पण एवढ्या लांबून आलेल्या पक्ष्याचं खाणं आपण तोडतो, आणि रोज दहा नावांनी तेच केलं तर ते जागा सोडतात. नाव परत आली की तिथेच कोळ्यांच्या घरी चिलापी फ्राय आणि भाकरी, मासे खात असशील तर.

हुरड्याचं थोडक्यात सांगते कारण तिथे ऑफिसचा कोणीतरी नेईलच तुला. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीची सुरुवात एवढाच त्याचा काळ, ज्वारीचा दाणा दुधाळ असतो तोवरच. शनिवार-रविवारी हायवेवरच्या हुरडा पार्ट्यांत डीजे आणि रेन डान्स असतो, तिथे हुरडा वाटीतून येतो, तसं नको. फोन करून विचार की कणसं त्यांच्याच शेतातली का, ज्वारी गुळभेंडी जातीची आहे की सुरती, आणि आगटीजवळ बसायला मिळणार का. गोवऱ्यांच्या आगटीतून काढलेलं कणीस हातावर चोळून गरम गरम हातात पडतं, लसणाची चटणी, दही, गूळ, त्यातच सगळं आहे. पोटाला जड असतो, वर ताक पी, आणि त्या दिवशी रात्री जेवू नकोस.

आणि फ्लॅटमेट अलिबागची आहे हे तू एका ओळीत लिहून सोडून दिलंस! अगं, जानेवारी-फेब्रुवारीत अलिबागकडे पोपटी लावतात, तिला विचारून तर बघ. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोणी मसाला लावलेली कोंबडी पण घालतात, पाण्याचा थेंब नाही, वरून पुन्हा पाला दाबून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. त्या पाल्याचा वास शेंगांना लागतो तो इतर कशातच नाही. एका घरात राहूनही तुम्हा दोघींची भेट फ्रिजपाशीच होत असणार, तिच्या घरी दोन दिवस गेलीस तर तुझ्या फिरण्याला एक पक्की जोडीदार मिळेल, आणि ती बारा जणांच्या ग्रुपपेक्षा कितीतरी मोलाची.

आता आईचं. संक्रांतीला जा, नक्की जा, आणि भोगीच्या आधी पोच. पुढच्या वर्षात जाणाऱ्या पाच सुट्ट्यांतल्या तीन इथे घाल. थंडीतलं जळगाव सोडून तू थंडी शोधायला मनालीला निघालीस याचं मला खरंच वाईट वाटलं. बामणोदची वांगी याच दिवसांत, काड्यांच्या जाळावर भाजलेली, बडगीत कुटलेली, सोबत कळण्याची भाकरी, शेतात गोल करून बसलेले सगळे, पुण्यात ज्याला भरीत म्हणून देतात ते खाऊन तुझं मन भरतं का सांग. एक दिवस आईबाबांना घेऊन अजिंठ्याला जा. तुमच्यापासून साठेक किलोमीटर, आणि जळगावची किती माणसं शाळेच्या सहलीनंतर तिथे पुन्हा गेलेलीच नसतात. सोमवारी लेणी बंद असतात हे लक्षात ठेव. फर्दापूरच्या फाट्यावर गाडी लावून तिथल्या बसने आत जावं लागतं, म्हणून सकाळी उघडतानाच पोच. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी बघताना घाई करू नकोस, अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो, पाचेक मिनिटांनी रंग वर यायला लागतात. फ्लॅश चालत नाही आणि चालू नयेच. पण 26 व्या लेण्यात बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे, आडवी भली मोठी मूर्ती, तिथे आईबाबांना दाराशी उभं करून बाहेरच्या उजेडात फोटो काढ. ईएमआयवरच्या कॅमेऱ्यात आईबाबांचा एकही फोटो नसेल अजून, पैज लावते.

रेल्वेचं बुकिंग नोव्हेंबर 2024 पासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे तू हे वाचशील तोवर भोगीच्या गाड्यांचं उघडून गेलेलं असेल. महाराष्ट्र एक्सप्रेस भरली असेल तर दुसऱ्या गाड्या बघ, आणि जायचं तिकीट नाही मिळालं तर एक दिवस अलीकडचं बघ, सुट्ट्या आहेत तुझ्याकडे. तत्काळच्या भरवशावर राहू नकोस, एसीचं आदल्या दिवशी सकाळी दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, सणाच्या आधी काही मिनिटांत संपतं, आणि ऑनलाइन तत्काळला आता अकाउंट आधारशी जोडलेलं लागतं, तेवढं तरी आजच करून ठेव.

एकटीच्या भीतीबद्दल एवढंच सांगते की भीती वाटणं बरोबर आहे, तिला दटावू नकोस, तिच्या मापाने जा. आधी टेकडी, मग सवाई, मग अनुभवी ग्रुपबरोबर गड, मग फ्लॅटमेटबरोबर अलिबाग. दिवसाउजेडी पोचायचं, राहायची जागा आधी ठरलेली, लाइव्ह लोकेशन आई सोडून अजून एका माणसाकडे, आणि मन नको म्हणालं तर अर्ध्या वाटेवरून परत फिरायचं, पैसे गेले तर गेले. पुढच्या हिवाळ्यात एकटीने जावंसं वाटलं तर मला लिही, कुठे जायचं ते तेव्हा बोलू. आत्ता आधी त्या टूरवाल्याला नाही म्हणून कळव, म्हणजे तो मेसेज करायचा थांबेल, आणि मग जळगावचं तिकीट काढ.

– ताई